आठवा उल्लेख

उचकी या विषयाबद्दल गंभीर असलेली माणसं जगात फार थोडी आहेत, आणि मी त्यांपैकी एक आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही. बावीस वर्षं अभिमानाने सांगून पाहिलं, लोक सांगू देत नाहीत. एखाद्या समारंभात शेजारचा गृहस्थ ‘मी हृदयाचा डॉक्टर’ म्हणाला, की लोक उठून त्याला खुर्ची देतात. मी ‘उचकीचा’ म्हणालो, की लोक मला पाणी देतात. वर डोळे मिचकावून विचारतात, “मग डॉक्टर, उचकी लागली की आठवण कोणी काढली ते कळतं का हो तुम्हाला?” हा विनोद मी अंदाजे नऊशे वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी तो करणाऱ्याला वाटतं की हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलं.

म्हणून दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला बजावतो: उचकी म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला बसलेला झटका, आठवणीशी तिचा काडीचाही संबंध नाही. हे वाक्य मी फळ्यावर लिहितो आणि त्याखाली दोन रेघा मारतो. विद्यार्थी ते इमानेइतबारे उतरवून घेतात आणि बाहेर पडल्यावर मला ‘उचकीमास्तर’ म्हणतात.

आमच्या वैद्यकीय महाविद्यालयात जिन्याखाली एक खोली आहे. तिथे दर मंगळवारी मी उचकीचे रुग्ण तपासतो. हसू नका. ज्याची उचकी चार-चार महिने थांबत नाही त्याला हसू येत नाही. शिवणकाम करणारी एक बाई यायची. तिला झोप नव्हती, अन्न जात नव्हतं, शिवायला बसली की प्रत्येक टाका वाकडा. आणि भेटेल तो विचारायचा, “कोण गं एवढी आठवण काढतंय?” माझ्या खोलीत ती पहिल्यांदा मोकळेपणी रडली, कारण मी हसलो नाही. तीन आठवड्यांत ती बरी झाली. त्या खोलीवर माझा जीव आहे तो असा.

तर एका महिन्याच्या एक तारखेला परिपत्रक आलं, की यापुढे स्वतंत्र खोली फक्त प्राध्यापकांना मिळेल. मी सहयोगी प्राध्यापक. म्हणजे काम तेवढंच, खुर्चीला हात नाहीत. दुसऱ्याच दिवशी मी खोलीत गेलो तर त्वचाविभागातला माझा मित्र तिथे टेप घेऊन भिंती मोजत होता. तो खाजेवर संशोधन करतो आणि दोन वर्षांपूर्वी प्राध्यापक झाला आहे. “तुझं काही जमलं नाही तर,” तो म्हणाला, “म्हणून फक्त बघून ठेवतोय.” मित्र असावेत तर असे.

प्राध्यापक व्हायचं तर तीस तारखेच्या आत अर्ज, आणि अर्जात एक आकडा. हा आकडा जरा समजावून सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरच उभं आहे. शास्त्रज्ञाची लायकी हल्ली एका आकड्यात सांगतात. तुमचे आठ निबंध असे हवेत की प्रत्येकाचा इतर शास्त्रज्ञांनी आपापल्या निबंधांत किमान आठ वेळा उल्लेख केलेला आहे. मग तुमचा आकडा आठ, आणि प्राध्यापक व्हायला किमान तेवढा लागतो. आपणच आपला केलेला उल्लेख धरत नाहीत, नाहीतर आम्ही सगळेच थोर ठरलो असतो. जगभरातले हे उल्लेख मोजत बसणारी एक कंपनी आहे. तिच्या संकेतस्थळावर आपलं नाव टाकलं की आपली पत्रिका समोर येते.

माझा आकडा सात निघाला.

“सात म्हणजे आठ नव्हे,” आमचे हेडक्लार्क म्हणाले. त्यांच्या ज्ञानाबद्दल मला कधीच शंका नव्हती.

घरी येऊन मी जाहीर केलं की जगाला उचकीची किंमत नाही. बायको शाळेत गणित शिकवते. तिला जगापेक्षा आकड्यांवर जास्त भरवसा. तिने माझ्या निबंधांची यादी पुढ्यात ओढली, बोट ठेवत ठेवत खाली आली आणि म्हणाली, “अहो, तुमचा पहिला निबंध कुठंय? तो एकशे चौदा रुग्णांचा?”

खरंच, तो यादीत नव्हता. माझा पहिला निबंध, माझं पहिलं अपत्य म्हणा ना. तो लिहिताना मी सहा किलो उतरलो होतो. आम्ही त्याचं शीर्षक टाकून शोधलं. निबंध सापडला, आणि बायकोने पडद्यावर लेखकाच्या नावाखाली बोट ठेवलं. मग अगदी हळू म्हणाली, “हा तर अण्णांनी लिहिलाय.”

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. अडतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितशोधक होते.

झालं होतं ते असं. निबंध पाठवताना फॉर्मात नावासाठी तीन चौकोन होते. मी आपला शाळेच्या हजेरीपटापासूनच्या सवयीने लिहिलं: आधी आडनाव, मग माझं नाव, मग वडिलांचं नाव. कंपनीच्या यंत्राला वाटलं, शेवटी येतं ते आडनाव. त्यामुळे माझं नाव आणि आडनाव यांची नुसती आद्याक्षरं उरली आणि अण्णांचं नाव ठसठशीत पुढे आलं. पुढच्या निबंधापासून मी शहाणा झालो, पण पहिला तसाच राहिला. बावीस वर्षं माझे वडील, त्यांना न कळवता, उचकीचे जागतिक तज्ज्ञ होते.

“किती उल्लेख आहेत त्याचे?” मी विचारलं.

“सात.”

म्हणजे निबंध परत मिळवायचा, आणि तरी वर एक उल्लेख कमीच. देव देतो आणि कर्म नेतो म्हणतात, त्यातला प्रकार.

आता इथे मी एक चूक केली. निबंध गुपचूप परत मागायच्या ऐवजी ही गंमत अण्णांना सांगितली.

अण्णा हसतील असं मला वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन आपलं नाव वाचलं, मग मागे होऊन वाचलं. म्हणाले, “काना-मात्रा बरोबर आहेत.” नाव परक्या लिपीत होतं, पण हा त्यांचा नेहमीचा शब्द. मग जरा वेळाने म्हणाले, “छापलेलं नाव कागदावर काढून मिळेल का?”

सूनबाईंनी लगेच काढून दिलं. तो कागद त्यांच्या टेबलाच्या काचेखाली गेला. अडतीस वर्षांत अण्णांनी किती लेखकांची नावं बिनचूक छापून दिली असतील याची गणती नाही. पुस्तकात लेखकाचं नाव असतं, प्रकाशकाचं असतं, चित्रकाराचं असतं, छापखान्याचासुद्धा पत्ता असतो. मुद्रितशोधकाचं नाव कुठेच नसतं. पान बिनचूक झालं की कोपऱ्यात लाल पेन्सिलीने ‘छापायला हरकत नाही’ लिहायचं, एवढीच त्यांची सही. हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्याचा अर्थ काय होतो ते मात्र तो कागद काचेखाली गेला तेव्हा जरासं कळलं, आणि मी सोयीस्करपणे विसरलो.

पुढचे आठ दिवस घरात दोन शास्त्रज्ञ नांदत होते, आणि त्यांतला ज्येष्ठ मी नव्हतो. सूनबाईंनी हौसेने त्या संकेतस्थळावर अण्णांचा ईमेल पत्ता घातला. लगेच जगभरातून पत्रं सुरू झाली. ‘सन्माननीय डॉक्टरसाहेब, आपल्या अमूल्य कार्याने आम्ही भारावून गेलो आहोत, तरी मत्स्यपालन परिषदेत बीजभाषण द्यावे.’ असली पत्रं आम्हाला रोज येतात आणि आम्ही ती रोज पुसून टाकतो. अण्णांनी प्रत्येकाला उत्तर पाठवलं: ‘आमंत्रणाबद्दल आभार. आपल्या पत्रात शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, त्या खाली दुरुस्त केल्या आहेत.’ मत्स्यपालनवाल्यांचं उलट आभाराचं पत्र आलं. मला बावीस वर्षांत कोणी आभाराचं पत्र पाठवलेलं नाही.

समोरच्या फ्लॅटमधल्या वकीलसाहेबांनी तर जिन्यात मलाच थांबवून विचारलं, “काय हो, वडील संशोधन करतात हे कधी बोलला नाहीत? आणि तुम्ही काय, त्यांच्याच हाताखाली का?”

शिवाय अण्णांनी निबंध वाचायला घेतला. बारा पानं, लाल पेन्सिल, भिंग. वैद्यकाची पुस्तकं त्यांच्या छापखान्यात पुष्कळ यायची, त्यामुळे भाषेची भीती नव्हती. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“अरे, हा तिसरा तक्ता बघ. अडतीस, सत्तावीस आणि एकोणपन्नास. बेरीज किती?”

“एकशे चौदा.”

“छापलंय एकशे एक्केचाळीस.”

मी बघितलं. एक-एक-चारच्या जागी एक-चार-एक. बावीस वर्षं तो आकडा तिथे बसून माझ्याकडे बघत होता. “आकडे उलटे पडलेत,” मी म्हणालो. “निष्कर्षात काही फरक नाही पडत.”

“तुझ्या निबंधाचा सात जणांनी उल्लेख केलाय म्हणतोस?”

“हो.”

“मग वाचला कोणीच नाही?”

या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात उत्तर नाही. “अण्णा, आता बावीस वर्षं झाली. खाजवून खरूज कशाला काढायची?” मी म्हणालो आणि तिथून सटकलो. अण्णा काही बोलले नाहीत. अण्णा बोलले नाहीत की ते सोडून दिलं असं समजायचं नसतं, हे मी पन्नाशीत तरी शिकायला हवं होतं.

इकडे मी कंपनीला पत्र लिहिलं, की हा लेखक मीच. दोन दिवसांनी उत्तर आलं: ‘आपली अडचण आम्हाला महत्त्वाची वाटते. परंतु सदर निबंधावर दुसऱ्या शास्त्रज्ञाचा हक्क दिसतो. त्यांची लेखी संमती पाठवावी.’ म्हणजे अण्णांनी लिहून द्यायचं, की ‘लेखक मी नाही.’

वकीलसाहेब मदतीला धावले. धावले म्हणजे बोलावल्याशिवाय आले. त्यांच्या मते आधी कंपनीला नोटीस, मग उल्लेख न करणाऱ्या सगळ्या शास्त्रज्ञांना नोटीस. महत्प्रयासाने त्यांना एका प्रतिज्ञापत्रावर आणलं. ते त्यांनी घसा साफ करून वाचून दाखवलं: “मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की मी शास्त्रज्ञ नाही, पूर्वी कधीही नव्हतो, व यापुढे होण्याचा माझा इरादा नाही, माझ्या नावे प्रसिद्ध झालेले व होणारे लेखन हे मी नसून माझा मुलगा आहे.”

अण्णांनी शांतपणे ऐकलं. “‘लेखन हे मी नसून मुलगा आहे’ नाही होत. ‘लेखन माझे नसून माझ्या मुलाचे आहे.’” लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली, शाईच्या पेनाने सही केली आणि फिरायला निघून गेले.

संध्याकाळी मी त्यांच्या खोलीत डोकावलो. काचेखालचा तो कागद नव्हता. त्या जागी पुन्हा टेलिफोन नंबरांची जुनी यादी आली होती. मला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं. पण हातची खोली जात होती, आणि मला स्वतःचीच काळजी होती. माणूस अशा वेळी दुसऱ्या दिवशी बोलू म्हणतो. मीही तसंच म्हणालो.

चार दिवसांनी निबंध माझ्या नावावर आला. उल्लेख सात, हवे आठ, हातात अकरा दिवस.

एक उल्लेख मिळवणं म्हणजे काय, हे ज्याने मिळवायचा प्रयत्न केला त्यालाच ठाऊक. बायको म्हणाली, “सात जणांनी केला त्यांनाच विचारा की अजून एकदा.” विचारलं. दोघे निवृत्त झाले होते, एक वारले होते, एकाने उचकी सोडून घोरणं धरलं होतं, बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही. वकीलसाहेबांचा पुतण्या म्हणे नुसतं मांजराचं चित्र टाकतो आणि पाच हजार लोक अंगठा दाखवतात. “तुम्ही निबंधात मांजर घाला,” ते म्हणाले. मांजरांनाही उचकी लागते. माझ्या मनात क्षणभर तो विचार आला हे कबूल करतो.

शेवटी नाक मुठीत धरून खाजवाल्या मित्राकडे गेलो. तो उदारपणे म्हणाला, “माझ्या नव्या निबंधात घालतो ना! खाजेच्या रुग्णांना उचकी क्वचितच लागते, असं एक वाक्य टाकतो. तू तुझ्या निबंधात लिही, उचकीच्या रुग्णांना खाज क्वचितच सुटते.” शास्त्राच्या नावाने दोघांनीही मान खाली घालावी असा हा करार होता. मी तो लगेच मान्य केला. मग कळलं की त्याचा निबंध पुढच्या वर्षी निघणार आहे. अब्रू गेली ती गेली, उल्लेखही नाही.

अठ्ठावीस तारखेला सकाळी बायको चहाचा कप तसाच टाकून ओरडली, “आठ! अहो, आठ झाले!”

मी धावत आलो. निबंधासमोर खरंच आठचा आकडा होता. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: ‘पैकी स्वतःचे उल्लेख: एक.’ आणि माझा आकडा होता तिथेच, सातावर.

मी तर स्वतःचा उल्लेख केला नव्हता. म्हणून तो नवा उल्लेख उघडला. ज्या नियतकालिकात माझा निबंध आला होता, तिथेच ‘संपादकांस पत्र’ होतं. ते नियतकालिक आता नुसतं संकेतस्थळावर निघतं, त्याला पत्रंही येत नाहीत, म्हणून आलेलं आठवड्यात छापलं असावं. पत्र चार ओळींचं होतं. ‘आपल्या नियतकालिकात बावीस वर्षांपूर्वी आलेल्या निबंधातील तक्ता क्रमांक तीनमध्ये बेरीज चुकली आहे. १४१ ऐवजी ११४ वाचावे. बाकी निबंध काळजीपूर्वक लिहिलेला आहे.’ खाली निबंधाचा रीतसर उल्लेख. त्याखाली अण्णांचं नाव. त्याखाली: ‘निवृत्त मुद्रितशोधक.’

मी तसाच अण्णांच्या खोलीत गेलो. “अण्णा, हे काय केलंत? साऱ्या जगासमोर? माझी चूक?”

“जगाने वाचलं नव्हतं ना? मग आता वाचेल.”

“निबंध तुमच्या नावावर राहिला नाही म्हणून राग काढलात का?”

हे मी बोलायला नको होतं. अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. “माझ्या नावावर होतं तेव्हा मी गप्प बसलो. म्हटलं, तू म्हणतोस तर असू दे. पण ते तुझ्या नावावर गेलं आणि मग मला राहवेना. माझ्या नावावर चूक राहिली तर एक वेळ चालेल. तुझ्या नावावर नको.” मग पेन्सिल पुन्हा उचलून म्हणाले, “आणि लेखक म्हणून नाही लिहिलं मी. मी लेखक नाही, हे तर तू माझ्याकडून लिहूनच घेतलंयस. मुद्रितशोधक म्हणून लिहिलं. ते काही कोणी काढून घेतलेलं नाही.”

आतून बायको म्हणाली, “तुमचं दोघांचं झालं असेल तर एक सांगू का? हा उल्लेख अण्णांनी केलाय. स्वतःचा कसा?”

आणि मग आमच्या डोक्यात उजेड पडला. त्या नावाने जे काही प्रसिद्ध झालं ‘व होणारं’ असेल ते सगळं या डॉक्टरांचं, हे कंपनीला आम्हीच शपथेवर कळवलं होतं. यंत्राने वकीलसाहेबांचं मराठी अक्षरशः पाळलं. माझ्या वडिलांना मी माझ्यात विरघळवून टाकलं होतं, आणि आता ते मला वेगळे हवे होते.

कंपनीला पत्र टाकलं. ‘आपली अडचण आम्हाला महत्त्वाची वाटते. दहा कामकाजाचे दिवस लागतील.’ माझ्याकडे दोन होते. मी हेडक्लार्ककडे धावलो.

त्यांनी फाइल उघडली. “स्वतःचा उल्लेख धरत नाहीत, डॉक्टर.”

“तो माझा नाही, माझ्या वडिलांचा आहे.”

“कागदावर तुमचाच आहे. आणि हे वडिलांचं प्रतिज्ञापत्र, तुम्हीच जोडलेलं. ‘मी शास्त्रज्ञ नाही, माझ्या नावचं सगळं मुलाचं.’ आता तुम्ही म्हणता ते वेगळे आहेत. खरं कुठलं धरायचं?”

“मग मी काय करू?”

हेडक्लार्कनी चष्मा काढला. “आपल्यात एक म्हण आहे, डॉक्टर. बाप दाखव, नाहीतर...” इथे ते भिडेखातर थांबले. “पुढचं मी म्हणत नाही. पण आधीचं तेवढं उद्या करा.”

दुसऱ्या दिवशी मी बाप दाखवायला नेला. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, खिशाला लाल पेन्सिल. कार्यालयाच्या दारातच ते अडले. सूचनाफलकावर ‘पदोन्नति’ लिहिलं होतं. तिथल्या तिथे त्यांनी वेलांटी दीर्घ केली आणि मग आत आले. हेडक्लार्क हे बघत होते.

“आजोबा, बसा. हे पत्र तुम्हीच लिहिलंत?”

“मीच.”

“मुलाची चूक दाखवायला?”

“चूक कोणाची ते आम्ही बघत नाही. कुठल्या ओळीत आहे ते बघतो.”

हेडक्लार्कनी जरा विचार केला आणि नियमावलीचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. “यात काही दिसतं का बघा बरं.” ही परीक्षा होती. अण्णांनी भिंग काढलं. सारं कार्यालय थांबलं. पंख्याखाली एक कागद उडाला, तोही कोणी उचलला नाही.

“नियम सहा,” अण्णा म्हणाले. “‘किमान आठ किंवा त्याहून अधिक.’ किमान म्हटल्यावर ‘किंवा अधिक’ कशाला?”

हेडक्लार्कनी पान परत ओढून वाचलं, पुन्हा वाचलं. “अकरा वर्षं,” ते पुटपुटले, “अकरा वर्षं मी रोज हा नियम लोकांना वाचून दाखवतोय.” आणि त्यांनी उठून अण्णांसाठी स्वतः चहा सांगितला. मला कोणी विचारलं नाही.

मी हळूच म्हणालो, “पण साहेब, हा उल्लेख माझी चूक दाखवणारा आहे. तो चालतो?”

“नियमात ‘उल्लेख’ आहे. ‘स्तुतीचा उल्लेख’ असं कुठे म्हटलंय?”

“आणि वडिलांनी केलेला?”

“‘स्वतः’ असं आहे. ‘वडील’ असं नाही.” मग पेन उचलून त्यांनी माझ्या अर्जावर शेरा मारला. तो शेरा आजही माझ्या फाइलमध्ये आहे: ‘उल्लेख करणारी व्यक्ती समक्ष पाहिली. अर्जदारापासून वेगळी, वयाने मोठी व कामात अधिक काळजीपूर्वक आहे. अर्ज स्वीकारावा.’

मी प्राध्यापक झालो. आपली चूक छापून आल्यामुळे प्राध्यापक झालेला मी बहुधा एकटाच. खुर्चीला हात आले, जिन्याखालची खोली राहिली, खाजवाल्या मित्राने टेप गुंडाळून अभिनंदन केलं. कंपनीने पुढे यथावकाश अण्णांना माझ्यातून वेगळं केलं. संकेतस्थळावर त्यांची स्वतंत्र पत्रिका झाली. प्रसिद्ध लेखन: एक. उल्लेख: शून्य. अण्णा त्यावर काहीच बोलले नाहीत, आणि या वेळी मला अण्णांचं न बोलणं ऐकू आलं.

त्यानंतर सहा महिन्यांनी माझा नवा निबंध प्रसिद्ध झाला. त्या एकशे चौदा जणांपैकी जे सापडले त्यांचं पुढे काय झालं, यावर. पहिल्याच परिच्छेदात लिहिलं होतं की मूळ निबंधातली चूक अण्णांच्या पत्राने दुरुस्त केली, आणि शेवटच्या यादीत पहिला उल्लेख त्या पत्राचा होता. ही गोष्ट मी घरी कोणाला सांगितली नव्हती. त्या दिवशी कागद बॅगेत घालून घरी आलो, तर अण्णा टेबलाशी बसलेले आणि उचक्या देताहेत.

“सकाळपासून लागलीय,” बायको म्हणाली. “पाणी झालं, साखर झाली, श्वास कोंडून झाला. आता तुम्ही बघा, प्राध्यापक.”

मी स्टेथोस्कोप काढला. अण्णा उचकी देत म्हणाले, “अरे, कोण एवढी आठवण काढतंय माझी?”

बावीस वर्षं मी फळ्यावर जे वाक्य लिहून दोन रेघा मारतो, ते माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी म्हणालो, “मी काढली, अण्णा. आज सकाळीच छापून आलीय.” आणि कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी आधी यादीतलं आपलं नाव वाचलं. मग पेन्सिल काढली आणि सगळा निबंध वाचायला घेतला, प्रत्येक तक्त्याची बेरीज करून. आम्ही दोघं निकाल लागायचा असल्यासारखे उभे होतो. बायको मधेच हळूच म्हणाली, “अण्णा, तुमचा आकडा एक झाला हं.” त्यांनी हाताने गप्प राहायची खूण केली. शेवटचं पान संपलं तेव्हा चहा गार झाला होता.

मग त्यांनी पहिलं पान वर घेतलं आणि कोपऱ्यात लिहिलं, ‘छापायला हरकत नाही.’ मध्येच उचकी आल्यामुळे ‘हरकत’मधला ‘र’ जरा वाकडा गेला. तो त्यांनी खोडून नीट केला आणि कागद काचेखाली सरकवला.